येत्या मोसमाचं तिसरं नाटक

आमच्या नाटकमंडळाची वार्षिक सभा चार भिंतींत कधीच होत नाही. थंडी पडली, बाजारात भरताची हिरवी वांगी आली, की जळगावाबाहेर कुणाच्या तरी मळ्यात आम्ही एका रविवारी दुपारी जमतो. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजतात, लाकडी बडगीत ती ठेचली जातात, शेजारी कढईत पुऱ्या फुगत असतात आणि त्या धुरातच पुढच्या मोसमात कोणती तीन नाटकं करायची ते ठरतं. भरीत संपायच्या आत निर्णय झाला पाहिजे असा आमचा नियम आहे. पोट भरलं की कुणी वाद घालत नाही आणि वादाशिवाय नाटक ठरलं तर ते पडतं, असा आमच्या दिग्दर्शकांचा अनुभव आहे.

दिग्दर्शक एस.टी.च्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक आहेत. दिवसभर पाचोरा, जामनेर, मुक्ताईनगरच्या गाड्या पुकारायच्या आणि संध्याकाळी आम्हाला पुकारायचं. तालमीतही त्यांची भाषा तीच असते. "तुम्ही उशिरा सुटताय," "मधल्या थांब्यावर फार वेळ घेताय," "रिकामे येऊ नका, काहीतरी भरून आणा." आम्ही त्यांना साहेब म्हणतो.

मी शाळेत मराठी शिकवायचो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मंडळात मी छोट्यामोठ्या भूमिका करतो, पण माझं खरं काम उच्चार तपासण्याचं. नवीन माणूस आला की त्याला पहिले दोन महिने माझ्या हवाली करतात. आमच्याकडे 'पाणी'चं 'पानी' आणि 'कोण'चं 'कोन' सहज होतं. ते मी घासूनपुसून काढतो. माझ्या पाठीमागे मंडळी मला 'बाणातले सर' म्हणतात हे मला माहीत आहे आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानही होता.

यंदाच्या सभेत पहिली दोन नाटकं पटकन ठरली. एक फार्स, ज्यात एकाच मंगल कार्यालयात एकाच मुहूर्तावर दोन लग्नं येऊन धडकतात. दुसरं रहस्यनाटक, कारण आमचे विमा एजंट असलेले नायक रहस्यनाटकाशिवाय मोसम मानतच नाहीत. तिसऱ्या नाटकाची वेळ आली तेव्हा वांगी ठेचून झाली होती आणि पुऱ्यांचा शेवटचा घाणा कढईत होता.

"मी लिहिलंय एक," आमची मेडिकलवाली म्हणाली.

ती बसस्थानकाजवळ औषधांचं दुकान चालवते. पस्तिशीची आहे. मंडळातल्या बहुतेक नायिका तीच करते आणि कोणत्याही नायिकेला ती थोडी रागीट करून टाकते. तिनं काही लिहिलंय हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं पिशवीतून एक वही काढली. मुखपृष्ठावर कुठल्यातरी खोकल्याच्या औषधाची जाहिरात होती.

"अहिराणीत आहे," ती म्हणाली.

विमा एजंट लगेच म्हणाले, "अरे वा! म्हणजे दोन विनोदी झाली."

"विनोदी नाही."

"अहिराणी आणि विनोदी नाही? लोक हसणारच हो. रंगमंचावर कुणी 'आहे'ला 'शे' म्हणालं की लोक हसतात. सवय आहे त्यांना."

ती वही उघडून वाचू लागली. नाटक असं होतं: एक म्हातारा शेतकरी आणि त्याची बायको दवाखान्यातून परत निघालेत. बसस्थानकाच्या बाकावर गाडीची वाट बघतायत. बायकोचे रिपोर्ट म्हाताऱ्याच्या पिशवीत आहेत. डॉक्टरनं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलंय, तिला काही सांगितलेलं नाही. म्हातारा म्हशीबद्दल बोलतो, तुरीबद्दल बोलतो, व्याह्यांच्या खोडीबद्दल बोलतो, रिपोर्ट सोडून सगळ्याबद्दल बोलतो. गाडी येत नाही. सगळं नाटक एवढंच.

"दुकानात रोज ऐकते," वाचन थांबवून ती म्हणाली. "काउंटरवर माणसं आपलं दुखणं ज्या भाषेत सांगतात ना, तीच ही भाषा. मी नुसतं लिहून घेतलं."

त्याच वेळी जळाल्याचा वास आला. पुऱ्या तळणारा आमचा प्रकाशयोजनाकार झारा हातात धरून ऐकत उभा राहिला होता आणि शेवटचा घाणा काळा पडला होता. साहेबांनी कढईकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लागली गाडी. तिसरं नाटक हेच."

मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "म्हातारा तुम्ही."

"मी?"

"वयात बसता. मूळचे धुळ्याकडचे. आणखी काय पाहिजे?"

मूळचा धुळ्याकडचा होतो हे खरं. आमचं गाव शिंदखेड्याच्या अलीकडे. मी सहा वर्षांचा असताना वडिलांची बदली जळगावला झाली. तेही शिक्षकच. शहरात आल्यावर त्यांनी घरात फर्मान काढलं की यापुढे कुणी गावची भाषा बोलायची नाही. मी आज्ञाधारक होतो. वर्षभरात ती भाषा माझ्या तोंडातून गेली आणि पुढे ती दुसऱ्यांच्या तोंडातून घालवण्याचाच मला पगार मिळाला. पण हे सगळं त्या मळ्यात सांगत बसलो नाही. नायकाची भूमिका साठीनंतर पहिल्यांदाच मिळत होती. मी हो म्हणालो आणि भरीत जरा जास्तच खाल्लं.

आमची तालीम एका डाळ मिलच्या गोदामाच्या माडीवर होते. खाली तूर भरडली जाते, वर आम्ही. पहिल्या वाचनाला मी घरून पाठ करून गेलो होतो. दोन पानं झाल्यावर साहेबांनी डोळे मिटून घेतले. मेडिकलवाली माझ्या बायकोच्या भूमिकेत समोर बसली होती. ती अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, राग मानू नका. पण तुमचा म्हातारा शेतकरी वाटत नाही."

"मग काय वाटतो?"

"तहसीलदार. दौऱ्यावर आलेला."

सगळे हसले. मीही हसलो, पण घरी जाताना ते वाक्य माझ्याबरोबर चालत आलं. शब्द सगळे बरोबर होते. मी एकही चुकलो नव्हतो. तेच बिघडलं होतं.

मी माझ्या मोठ्या बहिणीला फोन लावला. अक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आम्ही जळगावला आलो त्याच्या पुढच्याच वर्षी वडिलांनी तिचं लग्न परत धुळ्याकडच्याच एका गावात करून दिलं. इतकी लहान होती की आज ते सांगायलाही लाज वाटते. त्यामुळे वडिलांचं फर्मान तिला फारसं लागलंच नाही. मी तिच्याशी मराठीत बोलतो, ती माझ्याशी अहिराणीत बोलते आणि पंचावन्न वर्षं आमचं असंच चाललं आहे.

"अक्का, मला अहिराणी बोलायला शिकव," मी म्हणालो.

पलीकडे तिनं टीव्हीचा आवाज कमी केला.

"कोनले?"

"मला."

"तुले काय व्हयनं? दवाखानामा दखाडं का?"

मी नाटकाचं सांगितलं. ती इतकी हसली की फोन सुनेनं घेतला आणि विचारलं, "मामा, काय झालं? आई पाणी मागतायत." अक्का परत फोनवर आली तेव्हा तिचा आवाज गंभीर होता. "ये. पन आठे तुन्ही मराठी चालाव नही. मराठी बोलना ते चहा भेटाव नही."

साहेबांनी मला धुळ्याच्या गाडीत खिडकीजवळची जागा धरून दिली. एरंडोल, पारोळा करत दुपारी धुळ्याला पोचलो आणि तिथून दुसऱ्या गाडीनं अक्काच्या गावी. पहिल्याच दिवशी मला तीन वेळा चहा नाकारण्यात आला. मी 'पाणी' मागितलं तर अक्का शेजारणीला म्हणाली, "आयकं का व? पानीमा काटा टाकी ऱ्हायना." काटा म्हणजे माझा 'ण'. शेजारीण पदराआड हसली आणि तांब्या माझ्यासमोर ठेवून, "घ्या सर, पाणी घ्या," असं माझ्याहून शुद्ध बोलून गेली.

हीच मोठी अडचण होती. मी चार माणसांत बसावं, ऐकावं म्हणून पारावर गेलो, सोसायटीच्या ओट्यावर गेलो, तर माझा इस्त्रीचा सदरा बघितला की सगळे 'सर बसा, सर कधी आलात' सुरू करायचे. आपसात सुंदर रंगात आलेलं बोलणं मी जवळ पोचलो की कपडे बदलून बाहेर यायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वैतागून अक्काला म्हणालो, अर्थात चहाच्या भीतीनं मोडक्यातोडक्या अहिराणीत, की माझ्याशी कुणी बोलतच नाही.

अक्कानं विचार केला. मग बाजरीचा डबा माझ्या हातात दिला. "चक्कीवर जाय."

"मी?"

"जाय. तठे कोनी तुले सर म्हनाव नही. आयकूच येत नही कोनले."

ते शब्दशः खरं निघालं. गावच्या चक्कीवर दोन गिरण्या एकदम चालू होत्या, पट्टा फटफट वाजत होता आणि आत उभी असलेली दहाबारा माणसं ओरडून बोलत होती. इतक्या आवाजात आदर दाखवायला कुणाला फुरसत नव्हती. मी डबा रांगेत ठेवला आणि पांढऱ्या पिठाच्या धुक्यात उभा राहिलो. अर्धा तास मी फक्त ऐकलं. जावयाची निंदा ऐकली, कापसाच्या वजनावरून झालेलं भांडण ऐकलं, एका बाईनं दुसरीला पाठदुखीवर सांगितलेला इलाज ऐकला. कुणीही माझ्याकडे पाहून बोलणं बदललं नाही. मीही पिठानं त्यांच्याइतकाच पांढरा झालो होतो.

माझा नंबर आला आणि तेवढ्यात एक धिप्पाड गृहस्थ मागून आले. त्यांनी माझा डबा पायानं हळूच बाजूला सरकवला आणि आपला पुढे केला. माझं डोकं फिरलं.

"ओ भाऊ! मन्हा नंबर शे! मी पह्यले उनू!"

ते गृहस्थ दचकले. "मंग टाक ना भो, आरडस काबर?" असं म्हणून त्यांनी डबा मागे घेतला. चक्कीवाल्यानं माझी बाजरी ओतली. सगळं पुन्हा सुरू झालं. आणि मी तिथं उभा राहून विचार करत होतो की हे कोण बोललं. मी वाक्य जुळवलं नव्हतं. मराठीतून तिकडे नेलं नव्हतं. ते आतून कुठूनतरी तयारच होऊन आलं होतं, आणि त्यात माझा सहा वर्षांचा आवाज होता, मधली सगळी वर्षं उडी मारून आलेला.

घरी येऊन मी अक्काला हे सांगितलं. तिनं डब्यात हात घातला, पीठ चिमटीत घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "जाडं दळी लयना."

पण त्या रात्री जेवताना तिनं आपणहून म्हटलं, "ते नाटक दखाड." मी वही दिली. अक्का तिसरीपर्यंत शिकलेली आहे. चष्मा लावून, एकेक शब्दावर बोट ठेवून तिनं वाचायला घेतलं आणि मध्येच मान हलवायला लागली. "पोर हुशार शे. आसंच बोलतस." मग एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. म्हाताऱ्याचं मुख्य वाक्य तिथं होतं. गाडीची वाट बघून थकल्यावर तो बायकोला म्हणतो, 'तुन्हा बिगर मी कसा जगसू?'

"हाई खोटं शे," अक्का म्हणाली.

"का?"

"आसं कोनी बोलस का बायकोले? तुन्हा भाऊजी बोलनात का कधी?"

मग तिनं मला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. काही वर्षांपूर्वी अक्काच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. मी तेव्हा धुळ्याला दवाखान्यात जाऊन आलो होतो, मोसंबी घेऊन, तासभर बसून. त्याच्याही आधी तपासण्या झाल्या त्या दिवशी ती आणि भाऊजी धुळ्याच्या बसस्थानकावर असेच बसले होते. भाऊजींना लिहितावाचता येत नव्हतं. कुठेही निघाले की गाडीची पाटी अक्का वाचायची. त्या दिवशी गाड्या येत होत्या, जात होत्या. बऱ्याच वेळानं भाऊजी समोर बघत एवढंच म्हणाले, "तू गयी ते मन्ही गाडीनी पाटी कोन वाची?"

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? गाडी उनी. मी पाटी वाची. बठी ग्या आम्ही." तिनं वही मिटली. "मी बची गयी. तेच गयात. आते मी पाटी वाचस आनि एकलीच बसस."

ती उठून भांडी गोळा करू लागली. मी बसून राहिलो. मोसंबी घेऊन गेलो होतो तेव्हा मी तिला काय विचारलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. जेवण बरं मिळतं का, असं काहीतरी विचारलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेडिकलवालीला फोन केला आणि ते वाक्य सांगितलं. तिच्या दुकानात गिऱ्हाईक होतं. तिनं त्याला थांबायला सांगितल्याचं मला ऐकू आलं. मग ती म्हणाली, "सर, माझं वाक्य खोडा. हेच घ्या. आणि अक्कांना विचारा, घेतलं तर चालेल का?"

मी अक्काला विचारलं. ती म्हणाली, "घेवू दे. तेस्ले काय, ते थोडेच येतीन भांडाले." मग चहाचा कप माझ्यापुढे ठेवत, "पन नीट बोलजो."

तिथून नाटक आमच्या हातून सुटलं आणि अक्काच्या हाती गेलं. मी जळगावला परत आलो, पण तालमीला माझा फोन एका स्टुलावर ठेवला जाऊ लागला आणि त्यातून अक्का ऐकू लागली. सुरुवातीला ती फक्त शब्द सुधारायची. आठवड्याभरात ती दिग्दर्शन करायला लागली. एकदा साहेब मला समजावत होते की म्हातारा इथं उठतो, चार पावलं चालतो, परत येतो. स्टुलावरून आवाज आला, "ओ सायेब, तो कायले फिरी? तेना गुडघा दुखस."

साहेबांना आजवर मंडळात कुणी अडवलेलं नाही. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले, "बसून करा." आणि बसून ते खरंच चांगलं झालं. विमा एजंट आपल्या रहस्यनाटकाच्या तालमीला येताना आधी दारातून डोकावून विचारायचे, "स्टूल चालू आहे की बंद?"

दर मोसमाच्या आधी आम्ही एक ओळखीचा कार्यक्रम करतो. एका शाळेच्या सभागृहात शहरातल्या प्रेक्षकांना बोलावतो, येत्या तिन्ही नाटकांतला एकेक प्रवेश दाखवतो. यंदा तो होळीच्या आठ दिवस आधी संध्याकाळी केला. अक्का भाच्याबरोबर आली होती. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, हिरवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी पडद्याच्या फटीतून तिला बघितलं आणि पहिलं वाक्य पुन्हा पुन्हा घोकू लागलो. शाळेत तपासणी आली तरी मी कधी असं घोकलं नव्हतं.

फार्सचा प्रवेश झकास झाला. रहस्यनाटकात ऐन क्षणी पिस्तुलाचा आवाजच आला नाही. विमा एजंट हात रोखून उभे राहिले. शेवटी प्रेक्षकांतूनच कुणीतरी "ठो!" म्हणालं आणि खलनायक प्रामाणिकपणे पडला. टाळ्या वाजल्या. प्रेक्षक अगदी मोकळे झाले होते. त्यावर आमचा प्रवेश.

पडदा उघडला. बाक, पिशवी, मागे साहेबांनी स्वतः रंगवलेली 'धुळे'ची पाटी. मी पहिलं वाक्य बोललो, म्हशीबद्दलचं. त्यात 'शे' होतं. सभागृह हसलं. ठीक होतं, तिथं हसायला हरकत नव्हती. पण ते पुढेही हसत राहिले. तुरीला हसले, व्याह्याला हसले. मेडिकलवालीनं नुसता पदर सावरला तरी हसले. माझं ऐकतच नव्हते ते, माझी बोली ऐकत होते. आणि मी ते वाक्य बोललो.

"तू गयी ते मन्ही गाडीनी पाटी कोन वाची?"

सभागृहात हशा फुटला. मागच्या रांगेत कुणीतरी शिट्टीही मारली.

मला आधी काही कळलंच नाही. मग मला वाटलं, तिसऱ्या रांगेत ती बसली आहे आणि तिच्या नवऱ्याच्या वाक्यावर हे लोक हसतायत, आणि ते वाक्य इथं मी आणलं आहे. उठून आत निघून जावं असं खरोखर वाटलं. पण तीस वर्षं वर्गात उभं राहिल्यानं एक गोष्ट अंगात मुरलेली असते. गोंगाट झाला की त्याच्यावर ओरडायचं नाही. थांबायचं. मी थांबलो. हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत बसलो.

हसू ओसरायला लागलं. दोनचार जण अजून खिदळत होते. तेवढ्यात माझ्या शेजारी मेडिकलवाली हलली. संहितेत तिला तिथं काहीच करायचं नव्हतं. तिनं सावकाश मान वळवली, मागच्या पाटीकडे बघितलं, डोळे बारीक केले आणि एकेक अक्षर जोडत वाचलं.

"धु... ळे. धुळे."

मग माझ्याकडे वळून, लहान मुलाला सांगावं तशी म्हणाली, "उलटा पायना नांगर दखस ना, तसं 'ध' ऱ्हास. ध्यानमा ठेव."

त्या बाईला सगळं माहीत आहे, हे सभागृहाला त्या क्षणी समजलं. मलाही तेव्हाच समजलं. रिपोर्ट कुणी सांगितले नाहीत तरी तिला केव्हाचं कळलेलं आहे आणि ती नवऱ्याला पाटी वाचायला शिकवते आहे. कुणी हसलं नाही. पंख्यांचा आवाज येऊ लागला. मी त्या पाटीकडे बघितलं आणि तिच्या मागोमाग म्हणायचा प्रयत्न केला, "धु..." आणि पुढचं अक्षर खरोखरच माझ्या तोंडून फुटेना. पडदा तिथंच पाडला साहेबांनी. प्रवेश अजून पानभर बाकी होता.

टाळ्या थोड्या उशिरानं आल्या, पण खूप वेळ टिकल्या.

रंग पुसायच्या आधीच मी अक्काकडे धावलो. ती खुर्चीतच होती. मी म्हणालो, "अक्का, ते हसले. मला फार वाईट वाटलं." चुकून मराठीतच म्हणालो.

तिनं माझ्या तोंडावरचा रंग पदरानं पुसला. "हसनात ते हसू दे. गाडी येवाना पह्यले लोके कालवा करतसच. गाडी उनी का गप बसतस." मग तिनं विचारलं, "ती पोर कोठे शे?"

मेडिकलवाली येऊन तिच्या पाया पडली. अक्कानं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "तो 'ध' तुले कोन सांगं?" तिनं विचारलं. मेडिकलवाली म्हणाली, "कुणी नाही अक्का. आपोआप तोंडात आला." अक्का म्हणाली, "मी तेस्ले कधी शिकाडं नही. शिकाडाले पाहिजे व्हतं." बास, एवढंच. मग पिशवीतून तिनं जुन्या वर्तमानपत्रात बांधलेले, ज्वारीच्या पापडासारखे बिबडे काढले आणि मंडळात सगळ्यांना वाटले. विमा एजंटांना दोन दिले, पिस्तूल न वाजताही उभे राहिल्याबद्दल.

त्या आठवड्यात मोसमाचा क्रम बदलला. तिसरं नाटक पहिलं झालं. आणि पहिला प्रयोग जळगावला न करता धुळ्याला करायचा असं ठरलं. तो प्रस्ताव विमा एजंटांनी मांडला, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. "लोक हसणारच, असं मीच म्हणालो होतो," ते म्हणाले. "ते खरं निघालं. पण पुढचं मला माहीत नव्हतं." साहेबांनी पाटीचं वाचन संहितेत लिहून घेतलं. पडदा मात्र ते आता तिथं पाडत नाहीत. उरलेलं पानही आम्हाला करावंच लागतं आणि ते अजून जमलेलं नाही.

पाऊस सुरू झाला की आमचा मोसम उघडेल. सध्या वैशाख चालू आहे आणि जळगावात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मिलच्या माडीला वर पत्रे आहेत, त्यामुळे तालीम पहाटे साडेपाचला ठेवली आहे, खाली यंत्रं सुरू व्हायच्या आत. मिलमधले हमाल तेव्हाच कामावर येतात. सातपुड्याच्या पायथ्याकडचे आहेत, त्यांची घरची बोली आणखीच वेगळी. पहिले काही दिवस ते जिन्याखाली तंबाखू मळत बसायचे. मग जिन्यावर आले. परवा पाहिलं तर चौघं वर येऊन पोत्यांवर ओळीनं बसले होते.

आम्ही त्या शेवटच्या पानावर अडलो होतो आणि तेच सहा वेळा केलं. त्यातला एक वयस्क हमाल उठून उभा राहिला. त्यानं साहेबांना विचारलं, "साहेब, तुम्ही रोज मधूनच चालू करता. आम्हाला सुरुवात कधी दाखवणार?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. मिल सुरू व्हायला पाऊण तास होता.

"बसा," ते म्हणाले. आणि आम्ही पहिल्या वाक्यापासून सुरू केलं.